'प्लीज चेक' हेही पूर्ण वाक्य असतं: इंग्रजीतले रन-ऑन आणि कॉमा स्प्लाइस ओळखण्याची, सुधारण्याची रीत

'आय हॅव सेंट द फाइल, प्लीज चेक.'

ऑफिसात काम करणाऱ्या मराठी माणसाने असं वाक्य कधीच लिहिलं नाही, असं सहसा होत नाही. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, अर्थ तर शेंबड्या पोरालाही कळेल. तरी इंग्रजी बारकाईने वाचणारा इथे अडखळतो. कारण ही दोन वाक्यं आहेत आणि त्यांच्यामध्ये नुसता एक स्वल्पविराम उभा आहे. या चुकीला कॉमा स्प्लाइस म्हणतात. तो स्वल्पविरामही गाळून 'आय हॅव सेंट द फाइल प्लीज चेक' असं सलग लिहिलं, तर ते रन-ऑन. काही शिक्षक दोन्ही प्रकारांना रन-ऑनच म्हणतात. नावावरून भांडायचं कारण नाही, दोन्हींवर औषध एकच आहे.

परदेशी विद्यापीठांत अर्ज करणाऱ्या मुलांचे एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' हे निबंध, मी तपासते. माझी सगळ्यात जास्त लाल शाई जाते ती याच चुकीवर. हे मी वरून बघून बोलत नाही. पहिल्या नोकरीत माझ्या एका मेलची प्रिंट साहेबांनी परत पाठवली होती आणि तिच्यावर नऊ स्वल्पविरामांभोवती गोल काढले होते. शेजारी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना माझे स्वल्पविराम आवडले.

पुढे सगळी इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. लक्ष स्पेलिंगकडे जाऊ नये, खुणांकडे जावं, एवढाच हेतू. तुम्ही इंग्रजीत लिहाल तेव्हा पूर्णविरामानंतर मोठं अक्षर घालायला मात्र विसरू नका.

आपल्याकडून ही चूक का होते

मराठी वाक्याचं दार क्रियापद लावून घेतं. 'मी काल बाजारातून दोन डझन आंबे आणले' यात 'आणले' आलं की ऐकणाऱ्याला कळतं, संपलं. त्यानंतरचा पूर्णविराम हा शिष्टाचार. मोडी कागदपत्रांत तर विरामचिन्हं नसत, बहुतेकदा दोन शब्दांत जागाही सोडलेली नसे, आणि तरी दौलतीचे व्यवहार चालले. आज आपण वापरतो ती चिन्हं छापखान्यांबरोबर इंग्रजीकडून आली. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, त्यांनी १८५० साली विरामचिन्हांवर मराठीत पुस्तकच लिहिलं. म्हणजे हा पाहुणा आपल्या घरी येऊन फार दिवस झालेले नाहीत.

इंग्रजीत क्रियापद कर्त्याला खेटून येतं आणि कर्म, स्थळ, वेळ त्याच्यामागे डब्यांसारखी जोडली जातात. शेवटचा डबा कोणता, हे डब्याकडे बघून कळत नाही. हे बघा:

'आय बॉट मँगोज यस्टर्डे आय मेड आमरस.'

काल आंबे आणले, की काल आमरस केला? वाक्यातून सांगता येत नाही. मराठीत असा घोळ व्हायला जागाच नाही, कारण 'आणले' शब्दाने पहिलं दार आधीच लागलेलं असतं. मराठीत क्रियापद जे काम करतं, ते इंग्रजीत पूर्णविरामाला करावं लागतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं काम झालं.

दुसरं कारण आपलं '-ऊन'. 'घरी जाऊन, आंघोळ करून, जेवून झोपलो' यात खरं क्रियापद एकच, 'झोपलो'. बाकीची सगळी धातुसाधितं. हेच आपण मनात भाषांतर करत लिहितो तेव्हा 'आय वेंट होम, आय टुक अ बाथ, आय हॅड डिनर, आय स्लेप्ट' असं होतं. एका वाक्याची चार झाली, पण स्वल्पविराम जागचे हलले नाहीत.

पहिली पायरी: पेन्सिल घेऊन क्रियापदं मोजा

नवख्यांना 'कानाला कसं वाटतं ते बघा' असं सांगितलं जातं. मला हा सल्ला निरुपयोगी वाटतो. ज्याचा कान मराठीवर घडलाय त्याला स्वल्पविरामाशी आलेली लहानशी उसंत पुरेशीच वाटणार. त्यापेक्षा मोजा.

मजकुराची प्रिंट काढा. एका वाक्याच्या मोठ्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंतचा तुकडा घ्या. त्यातल्या प्रत्येक खऱ्या क्रियापदाभोवती गोल काढा. खरं म्हणजे काळ दाखवणारं. 'वेंट', 'इज', 'हॅव सेंट', 'विल बी कमिंग' यांना प्रत्येकी एक गोल, शब्द कितीही असोत. नुसतं 'टू गो' किंवा नुसतं 'गोइंग' याला गोल नाही.

मग सांध्यांभोवती चौकोन काढा. अँड, बट, बिकॉज, इफ, व्हेन, ऑल्दो, हू, विच, दॅट हे सांधे. अर्धविराम हाही सांधा. एकटा स्वल्पविराम सांधा नाही.

आता हिशेब: सांधे क्रियापदांपेक्षा एकाने कमी हवेत. तीन डबे जोडायला दोन कड्या लागतात, तसं. उदाहरणार्थ:

'द मॅनेजर कॉल्ड मी बिकॉज द क्लायंट वॉज अँग्री, आय वेंट टू हिज केबिन अँड एक्स्प्लेन्ड द डिले.'

कॉल्ड, वॉज, वेंट, एक्स्प्लेन्ड. चार गोल. बिकॉज आणि अँड. दोन चौकोन. हवेत तीन. एक कडी गायब आहे, आणि कुठली ते शोधायला लांब जावं लागत नाही: 'अँग्री'नंतर नुसता स्वल्पविराम आहे.

या हिशेबाला एक अपवाद लक्षात ठेवा. इंग्रजीत 'दॅट' बऱ्याचदा लपतो. 'आय थिंक ही इज राइट' यात दोन क्रियापदं आहेत आणि सांधा दिसत नाही, पण 'थिंक'नंतर 'दॅट' गृहीत आहे. 'द बुक आय बॉट इज लॉस्ट' यातही तेच. तिथे 'दॅट' घालून वाचा. वाक्य नीट चाललं तर तो लपलेला सांधा मोजून टाका.

दोन जागा जिथे सगळे फसतात

पहिली जागा आज्ञार्थाची. 'प्लीज चेक', 'काइंडली अप्रूव्ह', 'लेट मी नो' ही पूर्ण वाक्यं आहेत. यांत कर्ता 'यू' दिसत नाही, पण आहे. मराठीत 'या, बसा' म्हणताना तुम्ही 'तुम्ही' म्हणत नाही, तसंच. ऑफिसच्या मेलमधले बहुतेक कॉमा स्प्लाइस इथेच जन्माला येतात, कारण आधी माहिती द्यायची आणि मागोमाग विनंती करायची, ही आपली बोलण्याची रीत: 'बिल जोडलंय, बघून घ्या.' मराठीत ते छान आहे. इंग्रजीत मध्ये पूर्णविराम द्या. 'आय हॅव सेंट द फाइल. प्लीज चेक इट.' त्या 'इट'कडेही बघा. मराठीत कर्म गाळलं तरी चालतं, इंग्रजीत ते सहसा सांगावं लागतं.

दुसरी जागा सर्वनामाची.

'द पंप इज ओल्ड, इट मेक्स अ लॉट ऑफ नॉइज.'

मुलं मला सांगतात, 'पण मॅडम, 'इट' म्हणजे पंपच ना? मग विषय एकच झाला, वाक्य एकच झालं.' विषय एक असला म्हणून वाक्य एक होत नाही. 'इट', 'दे', 'धिस', 'ही' हे व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण कर्ते आहेत. स्वल्पविरामानंतर यांपैकी एखादा शब्द आणि लगेच क्रियापद दिसलं, की तिथे थांबून मोजा.

लांबीवरून मात्र काही ठरवू नका. साठ शब्दांचं वाक्य निर्दोष असू शकतं आणि 'आय रॅन, ही फेल' हे चार शब्दांचं वाक्य चुकीचं.

दुसरी पायरी: प्रश्न करून बघा

क्रियापद ओळखताना गोंधळ होत असेल तर स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंचे हो-नाही उत्तराचे प्रश्न करा. 'इज द पंप ओल्ड?' झाला. 'डझ इट मेक अ लॉट ऑफ नॉइज?' झाला. दोन्ही बाजूंचा प्रश्न झाला म्हणजे दोन्ही स्वतंत्र वाक्यं, मध्ये नुसता स्वल्पविराम चालणार नाही. आता 'बिकॉज द पंप इज ओल्ड' याचा प्रश्न करून बघा. 'बिकॉज' फेकून दिल्याशिवाय होत नाही. म्हणजे ते गौण वाक्य, आणि ते पुढे आलं तर त्याच्यानंतर स्वल्पविरामच योग्य. नववी-दहावीत केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्यं शिकलात ना, तोच हा धडा. तेव्हा तो पाच मार्कांसाठी पाठ केला, म्हणून वाया गेला.

तिसरी पायरी: दुरुस्ती

स्प्लाइस हा शब्द मूळचा खलाशांचा. दोन दोरांची टोकं उसवून, पेड एकमेकांत विणून ते सांधायचे. स्वल्पविराम म्हणजे त्या जागी मारलेली दोऱ्याची गाठ, ओढ बसली की सुटते. तिच्या जागी काय घालायचं हे मात्र दोन वाक्यांचं नातं काय आहे त्यावर ठरतं. एकच वाक्य घेऊ:

'द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड द इंटरव्ह्यू.'

पूर्णविराम घातला: 'द ट्रेन वॉज लेट. आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' बरोबर, आणि जरा नाट्यमयही. पण कारण आणि परिणाम यांचं नातं वाचणाऱ्याने जुळवायचं.

स्वल्पविराम ठेवला आणि त्याला जोडीदार दिला: 'द ट्रेन वॉज लेट, सो आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' असे जोडीदार इंग्रजीत सात आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. पहिली अक्षरं जोडून इंग्रजी शाळांत 'फॅनबॉइज' असं पाठ करून घेतात. रोजच्या लिखाणात अँड, बट, ऑर, सो ही चार पुरतात.

एकाला गौण केलं: 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' नातं स्पष्ट सांगायचं असेल तर माझी पहिली पसंती याला. 'बिकॉज' मागे गेलं तर स्वल्पविरामही जातो: 'आय मिस्ड द इंटरव्ह्यू बिकॉज द ट्रेन वॉज लेट.'

अर्धविराम: 'द ट्रेन वॉज लेट; आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' हे चिन्ह पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसच्या छापखान्यातून बाहेर पडलं. स्वल्पविरामापेक्षा जास्त थांबायचंय, पण पूर्ण थांबायचं नाही, अशा वेळी त्याचा उपयोग. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य हवं आणि दोघांचं जवळचं नातं हवं. एका परिच्छेदात एक अर्धविराम पुष्कळ झाला. नवीन शिकलेली मुलं तो तिखटासारखा भुरभुरतात.

आणि पाचवा उपाय, जो मराठी माणसाला सगळ्यात सोपा जायला हवा, पण कुणी सांगत नाही: '-ऊन' परत आणा. 'आय फिनिश्ड द रिपोर्ट, आय मेल्ड इट टू द क्लायंट' हे मनात मराठीत म्हणा, 'रिपोर्ट पूर्ण करून क्लायंटला मेल केला.' इंग्रजीत: 'आफ्टर फिनिशिंग द रिपोर्ट, आय मेल्ड इट टू द क्लायंट.' आता क्रियापद एकच उरलं, सांध्याची गरजच संपली. यात एक पथ्य पाळायचं, दोन्ही कामं करणारा एकच हवा. 'वॉकिंग होम, अ डॉग बिट मी' असं लिहिलंत तर घरी चालत निघाला होता तो कुत्रा.

हाउएव्हरचं प्रकरण

यावर थोडं थांबू, कारण चांगलं इंग्रजी लिहिणारेही इथे हमखास आपटतात.

मराठीत 'पण' आणि 'मात्र' दोन्ही स्वल्पविरामानंतर बिनधास्त येतात. 'गाडी उशिरा आली, पण आम्ही वेळेवर पोचलो.' 'गाडी उशिरा आली, मात्र आम्ही वेळेवर पोचलो.' फरक काही नाही. म्हणून आपण 'बट' आणि 'हाउएव्हर' यांनाही जुळे भाऊ समजतो. अर्थाने ते जुळे आहेतही, पण व्याकरणाने त्यांची जात वेगळी. 'बट' उभयान्वयी अव्यय आहे, ते दोन वाक्यं जोडतं. 'हाउएव्हर' क्रियाविशेषण आहे, ते जोडत नाही, नुसतं एका वाक्यात जाऊन बसतं.

ओळखायची खूण अशी की शब्द हलवून बघायचा. 'वी रीच्ड ऑन टाइम, हाउएव्हर.' चाललं. 'वी, हाउएव्हर, रीच्ड ऑन टाइम.' हेही चाललं. आता 'वी रीच्ड ऑन टाइम, बट.' बोलण्यात हे मुंबईत खपेल, लिहिण्यात नाही. जो शब्द वाक्यात इकडेतिकडे फिरू शकतो तो सांधा नव्हे. कडी कुठे फिरत नाही, दोन डब्यांच्या मध्येच राहते.

म्हणून 'द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर वी रीच्ड ऑन टाइम' हे चूक. बरोबर असं: 'द ट्रेन वॉज लेट; हाउएव्हर, वी रीच्ड ऑन टाइम.' अलीकडे अर्धविराम, पलीकडे स्वल्पविराम. किंवा सरळ पूर्णविराम देऊन 'हाउएव्हर'ने नवं वाक्य सुरू करा. 'देअरफोर', 'मोअरओव्हर', 'अदरवाइज' आणि अगदी साधं 'देन' यांनाही हाच नियम. त्या 'देन'वर विशेष लक्ष ठेवा, आपलं 'मग' त्यातून डोकावत असतं: 'आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा, देन आय जॉइन्ड अ कंपनी.' यात 'अँड देन' केलं की काम झालं.

नियम समजल्यावर होणाऱ्या चुका

स्वल्पविरामाची भीती बसली की माणसं प्रत्येक तुकड्यावर पूर्णविराम मारत सुटतात. मग असं होतं: 'आय डिड नॉट कम. बिकॉज आय हॅड अ फीव्हर.' मराठीत 'मी आलो नाही. कारण मला ताप होता' यात कुणालाही वावगं वाटत नाही, आपलं 'कारण' वाक्याच्या सुरुवातीला ताठ उभं राहतं. इंग्रजी 'बिकॉज' एकट्याने उभं राहत नाही, त्याला मुख्य वाक्याचा आधार लागतो. बोलताना ठीक, अर्जात नको.

'जरी-तरी'च्या सवयीने 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम' असंही लिहिलं जातं. तिथे एका सांध्याच्या जागी दोन झाले. मोजलंत तर लगेच दिसेल: दोन क्रियापदं, दोन सांधे. एक काढा.

आणि तिसरी गोष्ट, जी चूक नाही पण कंटाळवाणी आहे. 'आय वॉज बॉर्न इन सांगली. माय फादर इज अ फार्मर. आय लाइक मशीन्स.' अशी तुटक वाक्यं सलग दहा आली की वाचणारा पेंगतो. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखन विभागात चार निकषांना सारखं वजन असतं. त्यातला एक व्याकरणाचा, आणि तिथे अचूकतेइतकंच वाक्यरचनेतलं वैविध्यही बघतात. सगळीकडे पूर्णविराम मारून अचूकता मिळेल, वैविध्य नाही मिळणार.

कुठे सूट आहे

ज्युलियस सीझरचं 'आलो, पाहिलं, जिंकलं' इंग्रजीतही स्वल्पविरामांनीच लिहितात: 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड.' तुकडे छोटे, एकाच साच्याचे आणि लय धरणारे असतील तर चालतं. 'इट इज हॉट, इझन्ट इट?' यातल्या शेपटीच्या प्रश्नाआधीचा स्वल्पविराम योग्यच आहे. 'द सूनर यू कम, द बेटर इट इज' हेही बरोबर. कथा-कादंबऱ्यांत आणि व्हॉट्सॲपवर तर सगळंच चालतं. पण सीव्ही, एसओपी, परीक्षा आणि साहेबांचा मेल या चार ठिकाणी सीझर व्हायला जाऊ नका.

वर्डची किंवा मेलची निळी-लाल रेघ मदत करते, पण सगळं पकडत नाही आणि कधीकधी निर्दोष वाक्यालाही अधोरेखित करते. त्यापेक्षा मजकूर शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचत या. अर्थाचा प्रवाह तुटतो, त्यामुळे प्रत्येक वाक्य सुटं, उघडं दिसतं.

हात साफ करायला एक रजेचा अर्ज

'डियर सर, आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स यस्टर्डे, आय विल नॉट बी एबल टू अटेंड ऑफिस टुडे, द डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड मी रेस्ट, हाउएव्हर आय विल बी अव्हेलेबल ऑन फोन, प्लीज ग्रँट मी लीव्ह.'

खाली बघण्याआधी मोजा. 'ॲम सफरिंग', 'विल बी', 'हॅज ॲडव्हाइज्ड', 'विल बी', 'ग्रँट'. पाच क्रियापदं, सांधा एकही नाही. 'डियर सर'नंतरचा स्वल्पविराम संबोधनाचा आहे, त्याला हात लावू नका. बाकी चारही दोषी.

ताप आणि गैरहजेरी यांचं नातं कारणाचं, तिथे 'सो' येईल. डॉक्टरचं सांगणं ही नवी माहिती, म्हणून आधी पूर्णविराम. विश्रांती आणि फोन यांत विरोध, तिथे अर्धविराम आणि 'हाउएव्हर'. विनंती स्वतंत्र. जाता जाता 'सिन्स' आहे म्हणून काळही बदलावा लागेल, तो वेगळा विषय.

'डियर सर, आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स यस्टर्डे, सो आय विल नॉट बी एबल टू कम टू द ऑफिस टुडे. द डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड रेस्ट; हाउएव्हर, आय विल बी अव्हेलेबल ऑन द फोन. प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर टुडे.'

तुमचं उत्तर याच्याशी तंतोतंत जुळलं नसेल तर घाबरू नका. मधल्या वाक्यात 'हाउएव्हर'ऐवजी स्वल्पविराम आणि 'बट' घातलं असेल, तर ते माझ्यापेक्षा बरंच म्हणायचं: शब्द साधा आहे, आणि रजेच्या अर्जात अर्धविराम बघून साहेबांना वाटू शकतं, ताप फार नसावा.